निळ्या पट्टीची चाळीस मिनिटं

१

सकाळी साडेआठला भूलवाली सशांच्या खोलीच्या दारावर दोनदा टकटक करायची आणि मगच आत शिरायची. सशांची परवानगी मागणारी बाई म्हणून संस्थेत तिची यथेच्छ टिंगल होत असे. पण न सांगता दार उघडलं की ससे दचकून पिंजऱ्याच्या जाळीवर आदळतात, हे टिंगल करणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांना सशांशी देणंघेणं नव्हतं, चहाशी होतं.

तिला नावानं हाक मारणारं तिथं कुणी उरलं नव्हतं. प्रयोगाच्या जनावरांना भूल देणं हे तिचं काम, म्हणून ती भूलवाली. चहा संपवून खुर्चीतून उठायला तिला जरा उशीर झाला की "भूल उतरली नाही वाटतं अजून" हा विनोद अकरा वर्षं चालू होता आणि अकरा वर्षं ती त्याला हसत होती. कारण मनातून तिला त्या नावाचा अभिमान होता. आपल्या हाताखालून गेलेल्या एकाही जिवाला वेदना कळली नाही, हे ती छातीवर हात ठेवून सांगायची. नवऱ्याला तर इतक्यांदा सांगून झालं होतं की तो हल्ली घास चावता चावता नुसती मान डोलवायचा.

या खेपेला बारा ससे होते. पांढरे, लाल डोळ्यांचे, कानात नंबर गोंदलेले. त्यांना नावं ठेवायची नाहीत असा नियम होता, म्हणून तिनं फक्त दोघांनाच ठेवली होती. चेहऱ्यावर कायम नापास केल्यासारखा भाव असलेला थोराड ससा तो पंतोजी, आणि खाण्यावर तुटून पडणारी गोल ससी ती ठमाबाई.

काम सरळ होतं. सुईनं मांडीत टोचायची भुलीची तीन मिश्रणं, आणि त्यांतलं सशाला सगळ्यांत सुखानं झोपवणारं कोणतं ते शोधायचं. प्रत्येक सशाला आठवड्याच्या अंतरानं तिन्ही द्यायची. सिरिंजवर लाल, पिवळी किंवा निळी पट्टी असे. कोणत्या पट्टीत काय आहे हे भूलवालीला कळता कामा नये, कारण बघणाऱ्याचं मन एकदा एका बाजूला झुकलं की डोळेही तिकडेच झुकतात.

सिरिंजा भरायच्या तिच्या वन्सं. म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. औषधखोली त्यांच्या ताब्यात होती. त्या खोलीच्या आणि कामाच्या खोलीच्या मधल्या भिंतीत एक हातभर खिडकी होती, तिला लाकडी झडप. झडप वर जायची, वन्संचा बांगडीवाला हात तबक पुढे सरकवायचा आणि झडप खाली यायची. घरी वन्सं वरच्या मजल्यावर राहायच्या, ही दोघं खाली. नोकरीही वन्संनीच लावून दिलेली. दुपारचा डबा दोघी एकत्र खायच्या, येताना एकाच छत्रीतून यायच्या, पण पट्ट्यांबद्दल अक्षर काढायचं नाही असं दोघींनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं आणि ते पाळलंही होतं. निदान भूलवालीला तसं वाटत होतं.

सुई टोचली की ती घड्याळ लावायची. ससा उताणा केल्यावर उलटून पायांवर यायचा थांबला, म्हणजे झोपला. मग कानाला नाडीची क्लिप लावायची आणि दर पाच मिनिटांनी पापणीला बोट, कानाला चिमटा, पायाच्या बोटांमधल्या कातडीला रबर लावलेला लोखंडी चिमटा. पाय ओढला का? नाही. लिहा. चाळीस मिनिटं झाली की क्लिप काढायची आणि कानामागे खाजवत म्हणायचं, "झालं हं राजा, झालं." हे काही नियमात नव्हतं. ती तिची सवय होती.

२

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती तक्ता भरायला बसली.

लाल पट्टीचे ससे उठले ते बावीस मिनिटांनी, एक्कावन्न मिनिटांनी, चौतीस मिनिटांनी. पिवळीचंही तसंच, कुणी लवकर, कुणी क्लिप काढल्यावरही तासभर लोळत. हे ठीकच होतं. बारा माणसं एका खोलीत झोपवली तर बारा वेळांना उठतात, सशांनी काय घोडं मारलंय? निळीचे पहिल्या आठवड्यातले चौघेही वेगवेगळ्या वेळी उठलेले.

पुढच्या दोन आठवड्यांत निळी मिळालेले आठ ससे मात्र चाळीस मिनिटांनी उठले होते. चाळीस, चाळीस, चाळीस. आठही जण.

तिनं आधी घड्याळाला दोष दिला. ते फोनशेजारी ठेवून तपासलं, बरोबर होतं. मग स्वतःला दोष दिला, की सवयीनं आपण आकडा ठोकून देत असू. पण अक्षर तिचंच होतं, काळजीनं काढलेलं, आणि प्रत्येक उठणं तिला आठवत होतं. ती क्लिप काढते, कानामागे खाजवते, आणि ससा एका झटक्यात पायांवर येतो. झिंग नाही, अडखळणं नाही.

"वन्सं," डबा उघडताना ती म्हणाली, "निळ्यात काय आहे ते नाही विचारत मी. पण ते सगळे एकाच मिनिटाला उठतात हो. असं कधी पाहिलंय तुम्ही?"

वन्संनी घास घेतला, बराच वेळ चावला. "चांगलंच आहे की मग," त्या म्हणाल्या. "वक्तशीर औषध." आणि लगेच गच्चीतल्या गळतीचा विषय काढला.

मोठ्या बाईंना मात्र आनंद मावेना. मोठ्या बाई म्हणजे संस्थेच्या प्रमुख. स्वतः उत्तम शस्त्रक्रिया करत आणि ते त्यांना स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. त्यांनी निळीचा तक्ता उभा धरला, आडवा धरला.

"अगं, हे बघितलंस का? नाडी जराही उतरलेली नाही! श्वास दबलेला नाही! लालवर यांची हृदयं अर्ध्यावर येतात, आणि इथे तीनशेला टेकलीत. इतकं हलकं औषध मी जन्मात पाहिलं नाही."

"पण बाई, सगळ्यांचे चाळीस..."

"हेच तर हवंय. गुरुवारी एक शस्त्रक्रिया करून बघू. नीट झाली की सोमवारी आठ. आणि इथून पुढे या इमारतीत ससा कापायचा तो निळ्यावरच. तुझी सही लागेल, भूल पुरेशी होती म्हणून."

भूलवालीला त्या क्षणी काय वाटलं? खरं सांगायचं तर बरं वाटलं. अकरा वर्षांत तिच्या तक्त्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं.

३

गुरुवारी ठमाबाईचा नंबर लागला. पोटात बोटभर नळी बसवायची, पाऊण तासाचं काम.

निळी टोचली. ठमाबाई पाचव्या मिनिटाला उताणी झाली आणि तशीच राहिली. इतकी स्थिर, की मोठ्या बाई म्हणाल्या, "पाय बांधूच नकोस, काही गरज नाही." भूलवालीनं तिचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. पोट भादरलेलं होतं, गुलाबी, मऊ. मोठ्या बाईंनी सुरी टेकवली आणि ओढली. ठमाबाईची मिशीसुद्धा हलली नाही.

जागा ससा नाक हलवतो. पेंगताना, खाताना, घाबरलेला असताना, त्याचं नाक चालूच असतं. थांबतं ते गाढ झोपेत किंवा भुलीत. ठमाबाईचं नाक थांबलेलं होतं. भूलवालीनं ते पाहिलं, हुश्श केलं आणि दोरा घ्यायला मागे वळली.

हत्यारांचं तबक नवं होतं, आरशासारखं लख्ख. त्यात तिला आपला हात दिसला, त्यामागे टेबलाची कड, आणि कडेशी ठमाबाईचं तोंड. तबकातलं नाक हलत होतं. भराभर, एखाद्या लहान मुलाचं हुंदका दाबताना हलतं तसं.

ती वळली. नाक थांबलेलं.

"दोरा," मोठ्या बाई म्हणाल्या.

उजेड हलला असेल. वरच्या पंख्याची सावली असेल. तबकाला पोचे असतात. अशी तीन कारणं तिनं शेवटच्या टाक्यापर्यंत स्वतःला दिली आणि तिन्ही पटवून घेतली. मग क्लिप काढली, कानामागे खाजवलं. "झालं हं बाई, झालं."

ठमाबाई टाके घातलेल्या पोटानं एका झटक्यात पायांवर आली. मोठ्या बाईंनी चक्क टाळी वाजवली. ठमाबाईनं मात्र त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिनं भूलवालीच्या मनगटावर हनुवटी टेकवली आणि तशीच बसली. त्या दिवशी तिनं गवताच्या काडीलाही तोंड लावलं नाही.

४

शुक्रवारी सकाळी भूलवालीनं झडपेवर टकटक केली आणि एक निळी जास्तीची मागितली. वेळ तपासायची आहे म्हणाली. पलीकडे कपाटाचं दार वाजलं. मग हात आला, तबक आलं, झडप पडली.

तिनं पंतोजीला घेतलं. पाचव्या मिनिटाला तो उताणा झाला. पापणी नाही, कान नाही, पाय नाही. सगळं निळीसारखं. चाळिसाव्या मिनिटाला तिनं क्लिप काढली, पण खाजवलं नाही आणि बोललीही नाही. खुर्ची ओढून शेजारी बसून राहिली.

पन्नास मिनिटं झाली. पंतोजी तसाच.

एक तास. दीड तास. दोन. या जगातली मांडीत टोचायची कोणतीही भूल एवढ्यात कधीच उतरली असती. खोलीत पंख्याचा आवाज आणि पाइपमधून पाणी गेल्याचा आवाज, बाकी काही नाही. तिनं छातीवर दोन बोटं ठेवली. आत काळीज मोजता येणार नाही इतक्या वेगानं उडत होतं.

मग ती वाकली आणि तिनं त्याच्या डोळ्यात पाहिलं. अकरा वर्षं ती भूल दिलेले डोळे पाहत आली होती. ते समोरच्याला आरपार बघतात, भिंतीकडे बघावं तसे. हा डोळा तिच्याकडे बघत होता. ती डावीकडे सरकली, तो डावीकडे वळला. कडेला पाणी साचलं होतं.

"झालं," ती कशीबशी म्हणाली. "झालं हं राजा."

पंतोजी उठला आणि तिच्या हातावर हनुवटी टेकवून बसला.

चाळीस मिनिटं औषधाची नव्हती. ती तिची होती. ती जेव्हा झालं म्हणायची तेव्हा झालेलं असायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. तोवर कितीही चिमटे बसोत, ते तिच्या शब्दाची वाट बघत पडून राहत होते.

आणि ठमाबाई पाऊण तास पडून राहिली होती.

५

"निळ्यात काय आहे?" डबा न उघडताच तिनं विचारलं.

वन्संनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा काही उतरला की भूलवालीला उत्तर आधीच कळलं.

"बाटली फुटली गं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "पहिल्याच आठवड्यानंतर. निळ्याचं सगळं मिश्रण एकाच बाटलीत करून ठेवलं होतं, हातातून निसटली. त्या औषधाच्या थेंबाथेंबाचा हिशेब द्यावा लागतो, तुला माहितीये. चौकशी, परवाना, पोलीस. मी सलाईन भरलं."

"म्हणजे मिठाचं पाणी?"

"मला वाटलं, ससे झोपणारच नाहीत. तू लिहिशील की निळं चालत नाही, निळं बाद होईल आणि विषय मिटेल. पण तू तर लिहिलंस, पाय ओढला नाही. एकदा नाही, आठ वेळा. मला वाटलं तू माझ्यासाठी लिहितेयस. सांभाळून घेतेयस."

"आणि काल? काल सुरी चालत होती वन्सं! तुम्ही झडपेच्या पलीकडे उभ्या होतात!"

वन्सं रडू लागल्या. भूलवालीला रडू आलं नाही. तिनं त्यांना हाताला धरून उठवलं आणि थेट मोठ्या बाईंच्या खोलीत नेलं. सगळं सांगितलं, एका दमात. नाक, डोळा, बाटली, पाणी. मोठ्या बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि वन्संकडे पाहिलं.

"खरंय हे?"

वन्संनी पदरानं डोळे पुसले. आणि अगदी शांत, अगदी घरच्या आवाजात म्हणाल्या, "बाई, ही गेले काही दिवस फार दमलीये. घरीसुद्धा नीट बोलत नाही कुणाशी. मी नोंदवही आणते, निळ्याचा थेंबन् थेंब लिहिलेला आहे."

कुणी परक्यानं कानाखाली मारली असती तर निदान कारण तरी विचारता आलं असतं.

"सिरिंज तपासायला पाठवा," ती म्हणाली.

"पाठवू. पंधरा दिवस लागतील." मोठ्या बाईंनी चष्मा परत घातला. "सोमवारचं ठरलेलं आहे. आणि मला एक सांग, मिठाच्या पाण्यावर पोट कापलं तर ससा गप्प पडून राहील? कालची शस्त्रक्रिया मी स्वतः केली. तो प्राणी झोपलेला होता. माझ्या हाताला कळतं ते."

ससे गप्प पडून राहत होते, हाच पुरावा होता, आणि तो तिच्याविरुद्ध होता.

६

शनिवार-रविवार सुट्टी होती. वरच्या मजल्यावर वन्संची पावलं ऐकू यायची, कपाटापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून कपाटापर्यंत.

"ताई असं कशाला करेल?" नवरा म्हणाला.

"मी खोटं सांगतेय?"

"तसं नाही गं. पण पाण्यानं ससे झोपले, हे तूच सांगतेस. कुणाला पटेल?" तो समजूत काढायला आला होता आणि समजूत काढता काढता बहिणीच्या बाजूला जाऊन बसला होता. त्याला ते कळलंही नाही.

रविवारी दुपारी वन्सं अर्धा जिना उतरून आल्या. पायरीवरच थांबल्या. "माझी दोनच वर्षं राहिलीत गं नोकरीची," त्या म्हणाल्या. "मी तुला कधी काही मागितलं नाही."

"सोमवारी निळ्यात काय भरणार तुम्ही?"

वन्सं कठड्यावरून बोट फिरवत राहिल्या.

"वन्सं, काय भरणार?"

"माझ्याकडे दुसरं काही नाहीये," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, भूलवालीला वाटलं, आणि कापणाऱ्या माणसाला आपलीच दया येत असते.

७

सोमवारी पहिला पंतोजी.

झडप वर गेली, हात आला, निळी आली. टोचायला भूलवालीनं नकार दिला, तेव्हा मोठ्या बाईंनी स्वतः टोचली. पंतोजीनं भूलवालीकडे पाहिलं. पाचव्या मिनिटाला तो उताणा झाला. नाक थांबलं.

"धरायचं तर धर, नाहीतर बाहेर जा," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या काही दुष्ट नव्हत्या. आपल्या हातांवर त्यांचा विश्वास होता, इतकंच.

तिच्याकडे एक उपाय होता. ती वाकली आणि त्याच्या कानात म्हणाली, "झालं हं राजा, झालं. ऊठ."

पंतोजी हलला नाही. ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं म्हणाली. मोठ्या बाईंनी भुवया वर केल्या. पण सुरी तबकात होती, भादरलेलं पोट दिव्याखाली होतं. अजून काहीच झालेलं नव्हतं आणि ते पंतोजीला तिच्याइतकंच कळत होतं. तो तिच्यावर विश्वास ठेवून होता. तिनं खोटं सांगितलं तर तेवढ्यापुरतं ऐकायचं नाही, इतकाच त्यानं त्यातून अर्थ काढला असावा.

मग तिला दुसरं सुचलं, आणि सुचलं तेव्हा तिनं टेबलाची कड घट्ट धरली. हे सगळे ती समोर असताना पडून राहतात. तिच्यासाठी. ती नसेल तर?

ती नसेल तर पंतोजी ओरडेल. ससा आयुष्यात एखाद्या वेळीच ओरडतो, पण ओरडला की ऐकणाऱ्याला दुसरं काही सुचत नाही. मोठ्या बाईंचा हात थांबेल आणि बाकीचे सात वाचतील. पण त्यासाठी पहिली सुरी पंतोजीवर पडायला हवी, आणि ती पडेल तेव्हा त्याच्या डोक्याखाली तिचे तळवे नसायला हवेत. त्याला टाकून जायला हवं. अकरा वर्षांत तिनं टेबलावरचं जनावर एकदाही सोडलं नव्हतं.

तिनं टेबलाच्या कडेवरून एक एक बोट काढत हात सोडवून घेतला.

"जाते मी," ती म्हणाली. पंतोजीचा डोळा तिच्या मागोमाग फिरला. तिनं दार लावून घेतलं.

बाहेरचा बोळ लांब होता, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला सशांची खोली. तिला तिथे थांबायचं नव्हतं. पण दाराला काच होती आणि नजर गेलीच.

अकराही ससे आपापल्या पिंजऱ्यात उताणे पडले होते. टाके असलेली ठमाबाईसुद्धा. कुणी त्यांना टोचलं नव्हतं, कुणी हात लावला नव्हता. पाय पोटाशी घेतलेले, नाकं थांबलेली. डोळे फक्त दाराकडे.

उताणा केला की ससा भीतीनं थिजतो, हे पुस्तकात आहे. आपण होऊन कुणी उताणा होत नाही, हेही आहे. ती चालत राहिली. पावलं मोजत राहिली, कारण दुसरं काही मोजण्यासारखं नव्हतं. बोळ संपला. तिनं कोपरा ओलांडला.

आणि ते ओरडले.

तो आवाज एका जनावराचा नव्हता. पुढून, मागून, काचेच्या दारामागून, टेबलाच्या बंद खोलीतून, एकदम बारा गळे. तिला वाटलं होतं की आपल्याला सुटल्यासारखं वाटेल. ती भिंतीला धरून उभी राहिली. त्या आवाजात आजची वेदना नव्हतीच. त्यात दोन आठवड्यांचे चिमटे होते, पाचव्या मिनिटाचे, दहाव्या मिनिटाचे, प्रत्येक सुबक अक्षरात लिहिलेले. ठमाबाईचा पाऊण तास होता. सगळं जपून ठेवलेलं होतं, आणि ती गेल्यावर त्यांनी ते सोडलं.

ती धावत परतली.

मोठ्या बाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. भिंतीतली झडप पूर्ण वर होती आणि तिच्यातून वन्संचा अख्खा चेहरा दिसत होता, कागदासारखा. "पाणी आहे," त्या म्हणत होत्या, "पाणीच आहे बाई, पाणीच भरलंय मी." मोठ्या बाईंना ते ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. त्यांच्या हातात सुरी होती. पातं कोरडं, स्वच्छ होतं.

"थांबवलं मी," त्या भूलवालीला म्हणाल्या. "आठही रद्द. निळं रद्द. सगळं रद्द." मग त्यांनी सुरी वर करून दाखवली, एखाद्या मुलीनं वही दाखवावी तशी. "पण मी सुरी टेकवलीच नव्हती गं. मी दोरा बघत होते. तू गेलीस, तुझी पावलं ऐकू येईनाशी झाली... एवढंच झालं."

टेबलावर पंतोजी चारी पायांवर कोपऱ्यात चेपून उभा होता, तोंड अजून उघडं. त्यानं भूलवालीला दारात पाहिलं आणि त्याचा आवाज थांबला. बोळापलीकडचेही थांबले. एक कान तिच्याकडे वळला.

"नको," ती म्हणाली. "नको रे, बाळा."

कुणी त्याला हात लावला नाही. पंतोजी हळूच कुशीवर झाला, कुशीवरून उताणा झाला, आणि भादरलेलं पोट तिच्याकडे वर करून वाट बघू लागला.